गावकीची यादी : ‘निसर्ग’ चक्रीवादळ आणि वरळीतून गेलेली मदत

‘निसर्ग’ चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला. मुंबईत त्या दिवशी पाऊस झाला, काही झाडे पडली आणि संध्याकाळी शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. खरा मार बसला तो श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, तळा, माणगाव या रायगडच्या तालुक्यांना आणि बाणकोटच्या खाडीपलीकडे मंडणगड-दापोलीला. घरांची कौले उडाली, सिमेंटचे पत्रे फुटले, विजेचे खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या वाड्या जमिनीवर झोपल्या. मोबाइलचे मनोरे बंद पडल्यामुळे गावाकडे काय झाले हे मुंबईतल्या चाकरमान्यांना कळायलाच दोन-तीन दिवस लागले. तोवर पावसाळा दाराशी येऊन ठेपला होता.

त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत वरळी, परळ, लालबाग, गिरगाव या भागांतून कोकणात जी मदत गेली, तिचा माग मी गेली काही वर्षे काढतो आहे. सरकारी मदतीचे शासननिर्णय उपलब्ध आहेत. मोठ्या संस्था आपले अहवाल छापतात. गावमंडळांच्या कामाचा असा छापील माग राहत नाही. तो असतो इतिवृत्ताच्या वहीत, पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींत, टेम्पोभाड्याच्या चिठोऱ्यांत आणि खजिनदाराच्या रेक्झिनच्या पिशवीत. अशा वह्या मला वाचू देणाऱ्यांची एकच अट होती, गावाचे नाव लिहायचे नाही. ती मी पाळतो आहे. वाचकाला थोडी अडचण होईल, पण या वह्यांत कोणी वर्गणी थकवली आणि कोणाच्या घरात तीन चुली आहेत हेही लिहिलेले असते.

मला उत्तर हवे होते ते साध्या प्रश्नाचे. कोणाचे छप्पर उडाले हे मुंबईत बसून कोणाला ठाऊक होते, आणि पहिला पत्रा कोणाला द्यायचा हे कोणी ठरवले?

सुरुवात वरळीपासून करायला हवी. इथल्या बीडीडी चाळी १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. गिरण्यांच्या काळात यांतल्या काही खोल्या कुटुंबांच्या नव्हत्या, गावांच्या होत्या. भाडेपावती गावातल्या एकाच्या नावावर असे आणि राहत सारे गाववाले. भिंतीला ट्रंका, खुंट्यांना सदरे, कोपऱ्यात वळकट्या. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होई. जेवण खानावळीत. गावाहून आलेला पोरगा आधी या खोलीवर उतरे आणि तिथूनच कोणाच्या तरी ओळखीने सेंच्युरी मिलच्या किंवा दुसऱ्या एखाद्या गिरणीच्या दारात बदली कामगार म्हणून उभा राही.

या खोलीला हिशेब लागत होता. भाडे, दिवाबत्ती, भांडीकुंडी आणि मयताचा खर्च. मला मिळालेल्या जुन्यात जुन्या वहीत मयताचा फंड हेच पहिले खाते आहे. मुंबईत गेलेल्या माणसाची क्रिया करणे, त्याच्या घरी तार करणे, त्याच्या बायकोपर्यंत पैसे पोचवणे. देवळाचा जीर्णोद्धार, शिमग्याची पालखी, शाळेची भिंत ही खाती नंतर आली. गावमंडळे ही उत्सवाची आणि देवळाची मंडळे, असा एक सर्वसाधारण समज आहे. वह्या निदान माझ्यापुरत्या तसे सांगत नाहीत. अडचणीत सापडलेल्या माणसाला पैसा पोचवणे हे या व्यवस्थेचे मूळ काम होते, देव मागाहून आला.

पैसा एकाच दिशेने वाहत नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा हजारो कामगार गावी गेले आणि जे मुंबईत राहिले त्यांच्यासाठी गावाकडून तांदूळ आला. एका वहीत त्या वर्षीच्या वर्गणीच्या रकान्यात ओळीने ‘संप – माफ’ असे लिहिलेले आहे. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, माणसे नालासोपारा, विरार, दिवा, बदलापूरकडे सरकली. पण मंडळाची सभा भरवायला लोक वर्षातून दोनदा वरळीलाच येत राहिले, कारण खोली तिथे होती.

आणखी एका कारणाने वरळीशी या मंडळांचा संबंध आहे. धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय डॉ. अ‍ॅनी बेझंट रोडवर, वरळीतच आहे. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा या दोहोंखाली ज्या मंडळांची नोंदणी झाली, त्यांच्या पदाधिकाऱ्यांनी फेरफार अर्ज आणि ताळेबंद घेऊन या कार्यालयाच्या चकरा मारलेल्या असतात. लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसा गोळा करायचा तर त्याची माहिती या कार्यालयाला द्यावी लागते, कायद्याचे ४१ क हे कलम त्यासाठी आहे. गणेशोत्सव मंडळांना ते पाठ असते, गावमंडळांना बहुधा नसते. गाव आपल्याच माणसांकडून वर्गणी घेते, त्यात कसली परवानगी, अशी त्यांची समजूत. ‘निसर्ग’च्या वेळी मात्र मदत गावाबाहेरूनही येऊ लागली, कचेरीतले सहकारी, शेजारी, मुलांच्या कॉलेजातले मित्र पैसे देऊ लागले, आणि ही समजूत अपुरी पडली. नोंदणी असलेल्या मंडळांच्या खात्यात पैसे आले. नोंदणी नसलेल्यांनी कोणा एका विश्वासू माणसाचे बँकखाते वापरले आणि त्या माणसाची पुढची दोन वर्षे पै-पैचा हिशेब सांगण्यात गेली.

आता २०२० च्या मे महिन्याकडे वळतो, कारण तो विसरला तर जूनमधले काहीच समजणार नाही. मुंबईतल्या पहिल्या काही करोनाग्रस्त भागांत वरळी होती. वरळी कोळीवाडा मार्चअखेर पोलिसांनी बंद केला, एनएससीआयच्या घुमटाखाली रुग्णांच्या खाटा लागल्या. ज्यांना जमले ते गावी निघाले. गावांनी वेशीवर बांबू आडवे टाकले होते. येणाऱ्याला चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत राहावे लागे. ‘तुम्ही रोग घेऊन येता’ असे एकीकडून, ‘आमच्या पैशावर देऊळ बांधले तेव्हा आम्ही चाललो’ असे दुसरीकडून. गावमंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर त्या महिन्यात जे लिहिले गेले ते वाचताना आजही अवघडल्यासारखे होते. काही गटांतून माणसे रागाने बाहेर पडली होती. अशा अवस्थेत ३ जून उजाडला. त्या दिवशी काही गावांत शाळेत ठेवलेल्या चाकरमान्यांच्याच डोक्यावरची कौले आधी उडाली.

गावांशी पहिला संपर्क कसा झाला याच्या हकिकती थोड्याफार एकसारख्या आहेत. कोणी मोटारसायकलवरून, पडलेली झाडे चुकवत, रेंज मिळेल तिथपर्यंत आला आणि त्याने एक फोन केला. त्या एका फोनवर सारे गाव सांगायचे असे. इथे मला पहिल्यांदा यादीचे महत्त्व लक्षात आले. एका मंडळाच्या सरचिटणिसाने वर्गणीची वही समोर ठेवली आणि वरून खाली नावे वाचत गेला. पलीकडचा माणूस प्रत्येक नावाला ‘पूर्ण’, ‘अर्धे’ किंवा ‘बरे आहे’ एवढेच म्हणत होता. वर्गणीच्या रकान्यांशेजारी पेन्सिलीने केलेल्या त्या खुणा मी पाहिल्या आहेत. पाऊण तासात मुंबईत गावाच्या नुकसानीची पाहणी तयार झाली होती. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी साहाय्यक यांचे पंचनामे व्हायला त्यानंतर बराच वेळ लागला, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. रस्तेच बंद होते.

पुढचे काम बाजाराचे. ताडपत्री मशीद बंदरला मिळते, पत्रे कळंबोलीच्या लोखंड बाजारात. पण दुकाने टाळेबंदीत अर्धीमुर्धी उघडी, आणि जिल्ह्याबाहेर जायला पोलिसांचा ई-पास हवा. तो नियम ऑगस्टअखेरपर्यंत होता. जीवनावश्यक वस्तूंच्या गाडीला वाट मिळे. पत्रा जीवनावश्यक की नाही, यावर नाक्यानाक्यावर वाद झाले. माणगावहून म्हसळ्याकडे आणि पुढे श्रीवर्धनला जाणारा रस्ता झाडे कापून मोकळा होत गेला तसतसे टेम्पो पुढे सरकले. पहिल्या खेपेत जवळजवळ सगळ्यांनी तांदूळ, डाळ, मेणबत्त्या नेल्या. गावात तांदूळ होता, भिजला असला तरी होता. हवे होते ते वर घालायला काही. दुसऱ्या खेपेत पत्रे गेले, पण पत्रे बसवायचे आकडे आणि वॉशर कोणाच्या ध्यानात आले नाहीत. तिसऱ्या खेपेत तेही गेले, तेव्हा कळले की सुतार आणि गवंडी नाहीत. ज्यांची स्वतःची घरे उघडी पडली होती ते दुसऱ्याच्या घरावर कसे चढणार? शेवटी पोरे चढली. पत्र्याला भोक पाडणे, आकडा वळवणे, वाशाला तार बांधणे हे मुंबईत संगणकासमोर बसणाऱ्यांनी तिथे शिकून घेतले. लाकूड कापायची यंत्रे भाड्याने नेणाऱ्या मंडळांना गावाने सर्वांत जास्त दुवा दिला, कारण घरावर पडलेले झाड निघाल्याशिवाय छपराला हातच लावता येत नव्हता.

जुन्या कपड्यांचेही थोडे सांगितले पाहिजे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या वापरलेल्या कपड्यांचे ढीग पडून राहिले होते. पुढे ‘गूंज’ या संस्थेने ते उचलून, निवडून, वापरात आणले. किल्लारीनंतरही असेच काहीसे झाल्याचे सांगणारे लोक मला भेटले आहेत. गावमंडळांकडेही २०२० मध्ये कपड्यांची गाठोडी येऊ लागली. बहुतेकांनी ती सौम्य शब्दांत नाकारली. एक तर ती धुवून, वाळवून, वाटायला माणूसबळ नव्हते. दुसरे असे की, ज्याने गेल्या शिमग्याला पालखीपुढे मानाचा नारळ फोडला त्याच्या हातात दुसऱ्याचा जुना सदरा ठेवायचा कसा, हे ठेवणाऱ्यालाच सुचत नव्हते. अनोळखी दात्याला हा प्रश्न पडत नाही. ओळखीतून जाणाऱ्या मदतीचा हा एक गुण मी मानतो.

त्याच ओळखीच्या मर्यादाही इथूनच दिसू लागतात, आणि त्यासाठी याद्यांकडे जरा बारकाईने पाहावे लागेल.

कोकणातल्या कोणत्याही गावात घरांच्या निदान तीन याद्या असतात. पहिली ग्रामपंचायतीची घरपट्टीची, तिच्यात मोजली जाते इमारत. दुसरी रेशनकार्डांची, तिच्यात मोजली जाते चूल. तिसरी गावकीच्या वर्गणीची, तिच्यात मोजला जातो उंबरा, म्हणजे गावाच्या मानपानात ज्याचा वाटा आहे असा पुरुष आणि त्याचे घर. या तिन्ही याद्या एकमेकींशी कधीच जुळत नाहीत. आजोबांनी बांधलेले चौसोपी नसले तरी ऐसपैस घर, त्यात तीन भावांच्या तीन चुली, दोन भाऊ मुंबईत, घरपट्टी अजून दिवंगत आजोबांच्या नावाने. हे घर एका यादीत एक आहे, दुसरीत तीन आणि तिसरीत दोन, कारण धाकट्याने वर्गणी थांबवली आहे.

सरकारी मदत पहिल्या यादीच्या वाटेने गेली. राज्य सरकारने त्या वेळी पूर्ण पडलेल्या घरासाठीची मदत ९५ हजार १०० रुपयांवरून दीड लाखापर्यंत वाढवली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण दीड लाख कोणाच्या खात्यात? घर ज्याच्या नावावर तो हयात नाही, वारसांनी एकमेकांना संमतीपत्रे द्यायची, त्यांतला एक वसईला, एक पुण्याला, आणि टाळेबंदीत स्टॅम्पपेपर कुठून आणायचा? भाऊबंदकीची जुनी भांडणे छपराबरोबर उघडी पडली. बागायतीचेही तसेच. बहुवार्षिक पिकांची मदत हेक्टरी १८ हजारांची ५० हजार झाली, पण श्रीवर्धनच्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या. पाच गुंठ्यांत नारळ, पोफळी, खाली जायफळ, कडेला मिरीचे वेल. हेक्टरच्या हिशेबाने त्याचे अडीच हजार होतात. श्रीवर्धनी रोठा ही सुपारी जिथे पिकते तिथले एक झाड धरते व्हायला सहा-सात वर्षे लागतात. झाडामागे भरपाई द्या, ही मागणी तिथून आली ती या कारणाने, आणि तिला पुढे काही प्रमाणात यशही आले.

मंडळांची मदत तिसऱ्या यादीने गेली. ती झटपट गेली. संमतीपत्र लागले नाही, कारण कोणता भाऊ तिथे राहतो आणि कोणाची म्हातारी एकटी आहे हे यादी वाचणाऱ्याला माहीत होते. पण त्या यादीत जो नव्हता त्याच्या नावापुढे ‘पूर्ण’ की ‘अर्धे’ हे विचारलेच गेले नाही.

कोण नव्हते? पहिल्या म्हणजे एकट्या बायका. गावकीत घरटी पुरुष मोजला जातो. विधवा, टाकलेली, लग्न न झालेली बहीण यांचे छप्पर दिराच्या किंवा भावाच्या नावात धरलेले असते. दिराला पत्रे मिळाले म्हणजे तिला मिळाले, असे वही समजते.

दुसरे कातकरी. रायगड जिल्ह्यात कातकऱ्यांची मोठी वस्ती आहे. वीटभट्टीवरून आणि कोळशाच्या कामावरून ते पावसाच्या तोंडाला वाडीवर परत येतात, म्हणजे नेमके जूनच्या सुरुवातीला. त्यांच्या झोपड्या पुष्कळदा दुसऱ्याच्या जमिनीवर, त्यामुळे घरपट्टी नाही, म्हणून पहिल्या यादीत नाहीत. गावकीच्या यादीत तर प्रश्नच नाही. रेशनकार्ड असलेच तर दुसऱ्या यादीत नाव.

तिसरी बौद्धवाडी. तिची गावकी वेगळी, मुंबईतले मंडळही वेगळे. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखांचे जाळे कोकणातल्या गावागावांत आणि मुंबईतल्या वस्त्यांत पसरलेले आहे आणि त्या जाळ्याने २०२० मध्ये आपल्या वाड्यांकडे पाहिले. कुणब्यांचा समाजोन्नती संघ १९२० पासून परळला आहे. कोकणी मुसलमानांचे मोहल्ले आपल्या जमातींशी जोडलेले आहेत. एकूण हिशेब घेतला तर बऱ्याच जणांना कोणत्या ना कोणत्या मार्गाने काही ना काही पोचले. मात्र एका गावाच्या चार वाड्यांत चार टेम्पो चार वेगवेगळ्या दिवशी आले. ज्या वाडीची मुंबईतली माणसे पतपेढीत आणि महापालिकेत, तिचा टेम्पो भरलेला. ज्या वाडीची माणसे नाक्यावर बिगारी आणि त्या तीन महिन्यांत रोजगाराविना, तिचा अर्धा. एकाच वाऱ्याने उडालेली छपरे वेगवेगळ्या वेळी परत आली.

चौथा गट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. वाळीत टाकलेल्यांचा. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला, आणि तो करावा लागला त्याला रायगड जिल्ह्यातल्या प्रकरणांचा मोठा हातभार होता. बहिष्कार टाकते ती गावकी, आणि तिचे निर्णय मुंबईच्या मंडळाच्या सभेतही होतात. ज्याची वर्गणी ‘घेऊ नये’ असा ठराव आहे, त्याला मदत देता येते का? एका मंडळाच्या २०२० च्या इतिवृत्तात हा प्रश्न एका ओळीत आला आहे आणि पुढची ओळ दुसऱ्याच विषयाची आहे. त्या घराचे काय झाले, हे मी विचारले. पत्रे दिले गेले, पण मंडळाच्या नावाने नव्हे. दोघा-तिघांनी आपल्या खिशातून घेतले आणि टेम्पो रात्री उशिरा तिकडे वळवला. वहीत ही खेप नाही.

याद्या जोडण्याचे प्रयत्न झाले, आणि ते कोणी केले हे पाहण्यासारखे आहे. मी पाहिलेल्या गावांपैकी दोन ठिकाणी अंगणवाडी सेविकेची वही कामी आली. तिच्या वहीत गरोदर बाई, तान्हे मूल, कुपोषित मूल असते, म्हणजे कातकरवाडीही असते आणि बौद्धवाडीही. तिसऱ्या एका गावात बचत गटाच्या बायकांनी चुलीप्रमाणे यादी केली आणि मंडळाच्या माणसांना सांगितले की पत्रे या यादीने वाटायचे असतील तर आम्ही उतरवून घेतो, नाहीतर तुमचे तुम्ही बघा. टेम्पो उतरवायला तेव्हा गावात दुसरे कोणी नव्हते. यादी मान्य झाली. या घटनेची मंडळाच्या इतिवृत्तातली नोंद अशी : महिला मंडळाने सहकार्य केले, त्यांचे आभार.

वरळीच्याच दुसऱ्या टोकाला, कोळीवाड्यात, हिशेब निराळा आहे. तिथे वादळ घरावर येते त्याआधी होडीवर येते. ११ नोव्हेंबर २००९ च्या ‘फयान’ने कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना समुद्रात गाठले होते. १७ मे २०२१ ला ‘तौक्ते’ मुंबईजवळून गेले तेव्हा इशारा वेळेवर मिळाला, बोटी किनाऱ्याला होत्या, पण नांगरलेल्या बोटी एकमेकींवर आणि खडकावर आपटून फुटल्या. नाखवाची मदत म्हणजे तांदूळ नव्हे. लाकूड, फायबर, जाळे, इंजिनाची दुरुस्ती, आणि मोसम बुडाला तर खलाशांची उचल. हे काम सहकारी सोसायटीच्या हिशेबाने चालते. यादीत बोटीचा मालक असतो. बोटीवरचा खलाशी आणि टोपलीवर धंदा करणारी कोळीण तिथेही यादीच्या बाहेरच्या अंगाला राहतात. कोळीवाड्यावर कधीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवे, इथे एवढेच.

तुलना करायचीच झाली तर ओडिशाशी करावी. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याच वर्षी त्या राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले, किनाऱ्यावर निवारे बांधले आणि प्रत्येक निवाऱ्यापाशी गावातल्याच लोकांची पथके उभी केली. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, कुठे बाळंतीण आहे, हे पथकाला वादळाआधी ठाऊक असावे लागते. मे २०१९ मध्ये ‘फनी’ आले तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले. तिथली यादी निवाऱ्यासाठी बनली, आपली देवळासाठी. आपल्याकडे अशी यादी सरकारने बनवलीच नाही असे नाही. आपत्ती आराखड्यांत तक्ते असतात. पण ‘निसर्ग’च्या दुसऱ्या दिवशी वरळीतल्या माणसाच्या हाताशी जी होती, ती वर्गणीची वही होती.

त्या वहीचे पुढे काय होणार, हा प्रश्न आता निकडीचा झाला आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडा करते आहे. १६० फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर, तेही मालकीचे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. जन्मभर सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला हे घर मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे, आणि चाळीच्या आठवणींचे कढ काढणारे लेखन मला फारसे रुचत नाही. पण पात्रता ठरते ती भाडेपावतीवरून. पावतीवर गाव नसते, माणूस असतो. गावाच्या खोलीची पावती ज्याच्या नावावर, त्याचा किंवा त्याच्या वारसाचा हक्क कायद्याला दिसतो. गावाने सत्तर-ऐंशी वर्षे भाडे भरल्याचा पुरावा आमच्या या वह्यांतच आहे, आणि तो कोणत्या रकान्यात मांडायचा हे कोणाला सांगता येत नाही. काही ठिकाणी वारसाने घर स्वतःकडे ठेवून मंडळाला काही रक्कम देऊ केली आहे. काही ठिकाणी प्रकरण वकिलांकडे आहे. एका मंडळाने तडजोड म्हणून वर्षातून दोन सभांपुरती जागा मागितली. चाळिसाव्या मजल्यावर ऐंशी माणसे चढवायला इमारतीची सोसायटी परवानगी देईल का, यावर अजून चर्चा चालू आहे.

मधल्या काळात २०२१ च्या जुलैत महाडचा आणि चिपळूणचा पूर आला, तळियेची दरड कोसळली आणि टेम्पो पुन्हा त्याच रस्त्याने गेले. तोवर मंडळे काही शिकली होती. पहिल्या खेपेत पाणी, चुना, झाडू, फावडी गेली. पावत्यांवर कायम खाते क्रमांक छापला होता.

ज्या गावात बायकांची यादी मान्य झाली, तिथल्या मंडळाने २०२२ साली नवी वही घातली. ती मी गेल्या पावसाळ्यात पाहिली. वर्गणीचे रकाने जसेच्या तसे आहेत, घरटी पुरुषाचे नाव पहिले. पण शेवटची बारा पाने वेगळ्या हस्ताक्षरात आहेत, चुलीप्रमाणे. प्रत्येक चुलीपुढे छपराचा प्रकार लिहिला आहे, कौल, सिमेंट, लोखंडी पत्रा किंवा पेंढा, आणि रात्री हाक मारायची झाली तर पहिली कोणाला मारायची ते नाव. कातकरवाडीची नावे त्यात आहेत. वाळीत असलेल्या घराचेही आहे, फक्त त्याच्यापुढचा वर्गणीच्या पानाचा क्रमांक कोरा सोडला आहे. ही वही सध्या खजिनदाराकडे बदलापूरला असते. तिची एक प्रत गावात अंगणवाडीच्या कपाटात ठेवली आहे.